संगणकापलीकडचा माणूस

सीमाभागातल्या मुलांसाठी रात्रीची गाडी दोन दिशांना सुटते. एक पुण्याला जाते, दुसरी बेंगळूरला. आमच्या शाळेतून शिकून वेबसाइट तयार करण्याच्या व्यवसायात शिरलेली मुले या दोन्ही गाड्यांनी गेली. दिवाळीत ती भेटायला येतात. पगार बरा असतो, तब्येत सुधारलेली असते. पण बोलण्यात एक सूर वारंवार उमटतो : ‘‘सर, काम जमतंय. चार माणसांत बोलायचं तेवढं जमंना.’’

मी मराठीचा एम.ए. जावास्क्रिप्टमधले मला काही कळत नाही. पण या तक्रारीचे मूळ संगणकात नसून शाळेच्या बाकावर आहे, म्हणून तिचा विचार करणे मला प्राप्त आहे.

या गुणांना ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणतात. हा शब्द रूढ झाला अमेरिकन सैन्याच्या प्रशिक्षणातून. १९७२ साली तेथे या विषयावर परिषदच भरली होती. यंत्राशी संबंध असलेली कामे एकीकडे, माणसांशी असलेली दुसरीकडे, अशी ती वाटणी. वेबसाइट करणाऱ्याची पंचाईत अशी, की त्याला दोन्ही लागतात. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात मांडलेले गणित आठवीच्या मुलालाही समजेल. तीन माणसांच्या जोड्या ३, सहांच्या १५ आणि दहांच्या ४५. जितक्या जोड्या तितकी बोलणी, आणि तितकेच गैरसमजही. म्हणून रखडलेल्या कामावर आणखी माणसे घातली की ते अधिकच रखडते, असे ब्रूक्स सांगतात.

शाळांतून मात्र गप्प बसणाऱ्याला गुणी म्हणण्याची रीत आहे. ‘‘समजलं काय?’’ असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात ‘‘होऽऽ सर’’ म्हणतो. नोकरीत हाच होकार घात करतो. आमचा एक विद्यार्थी एका कामात तीन दिवस अडकून पडला होता. इंग्रजी चुकेल या भीतीने त्याने कुणाला विचारले नाही. चौथ्या दिवशी वरिष्ठाने पाच मिनिटांत गाठ सोडवली आणि मग रागावला. न येण्याबद्दल नव्हे, तीन दिवसांच्या मौनाबद्दल. पोरगा राजीनामा लिहून गावी परतायच्या बेतात होता. मी त्याला फोनवर एवढेच सांगितले, ‘‘तीन वाक्यं लिही. काय करायचं होतं, काय करून पाहिलंस, आणि पडद्यावर नेमकं काय आलं. व्याकरणाचं नंतर बघू.’’ तो अजून त्याच नोकरीत आहे.

दुसरा गुण टीका पचवण्याचा आणि करण्याचाही. या व्यवसायात एकाने लिहिलेला कोड दुसरा तपासतो. ‘ही ओळ चुकली’ आणि ‘तुला अक्कल नाही’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे लाल शाई वापरणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्यासारख्या मोठ्या माणसानेही सहकाऱ्यांना लागेल असे बोलण्या-लिहिण्याबद्दल २०१८ साली जाहीर क्षमा मागितली आणि काही आठवडे कामातून रजा घेतली.

तिसरा गुण सर्वांत मोलाचा : संगणकापलीकडचा माणूस ओळखणे. नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन रकाने करून ते सक्तीचे केले, की दक्षिण कर्नाटकातला माणूस अडतो. तिकडे अनेकांना आडनावच नसते, नावाला आद्याक्षरे जोडलेली असतात. आमच्याकडे एकच नाव मराठीत एक, कन्नडमध्ये दुसरे आणि इंग्रजीत तिसरेच होते. शाळा सोडल्याचा दाखला आणि रेशनकार्ड यांतल्या एका अक्षराच्या फरकापायी हेलपाटे घालणारे बाप मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. ज्या मुलाने लहानपणी बापाबरोबर ते हेलपाटे घातले, त्याला असा अर्ज तयार करताना कुणी शिकवायला नको. फक्त बैठकीत त्याने तोंड उघडून ते सांगितले पाहिजे!

घरी मराठी, बाजारात कन्नड, परीक्षेत इंग्रजी यामुळे आपली मुले मागे पडतात, असे पालक म्हणतात. मला तसे वाटत नाही. समोरचा कोण आहे ते पाहून बोली बदलणे, समजले नाही तर खुणेने पुन्हा विचारणे, हे त्यांनी दुकानाच्या पायरीवरच कमावलेले असते. ते पुस्तकी नाही, म्हणून त्यांना ते विद्या वाटत नाही.

आता कोड लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. त्यांनाही काय हवे ते नेमके सांगावे लागते, आणि ते आधी माणसांकडून समजून घ्यावे लागते. यंदा नववीच्या वर्गासाठी शनिवारी एक तास राखला आहे. त्या तासाला ‘समजले’ म्हणायला बंदी आहे. काय समजले नाही, ते उभे राहून सांगायचे, कोणत्याही भाषेत. पहिल्या दोन शनिवारी कुणी उठले नाही. तिसऱ्या शनिवारी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.