बेगडेवाडीतील मुका टीव्ही आणि अर्ध्या मेगाहर्ट्‌झचा फरक

चित्र होते, रंग होते, मांडवातल्या हळदीचा पिवळा तर अगदी ठसठशीत उमटला होता. आवाज मात्र नव्हता. पुणे–लोणावळा मार्गावर देहूरोड आणि घोरावाडी या स्थानकांच्या मध्ये बेगडेवाडी आहे. तिथल्या एका निवृत्त डेपो कामगाराच्या घरी, जुन्या रंगीत टीव्हीवर मुलीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट लावली होती. लग्न १९८९ सालचे. वधूची आई आता हयात नाही, आणि तिचा आवाज असलेली दुसरी कोणतीही ध्वनिफीत घरात नाही. घरातले सगळे ज्यांना अण्णा म्हणतात ते गृहस्थ दोन संध्याकाळी ट्यूनिंगचा नॉब फिरवीत बसले होते. पडद्यावर बायकोचे ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हते.

हा बिघाड कुठे होता ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे पुणे परिसरात टीव्ही दिसू लागला. मावळातल्या छपरांवरचे अँटेना तेव्हापासून सिंहगडाकडे तोंड करून उभे राहिले. मधल्या डोंगररांगांमुळे कुणाकडे चित्र स्वच्छ यायचे, कुणाकडे मुंग्या यायच्या. मग बूस्टर बसवा, बांबू उंच करा, मुलाला पत्र्यावर चढवा. रंग आले ते १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या वर्षी. अण्णांचा संच त्यानंतर तीन-चार वर्षांतला. लाकडी पेटी, पुढे आठ बटणे, आणि बटणांखालच्या झाकणाआड चॅनेल जुळवायच्या बारीक चकत्या.

लोहमार्गाजवळच्या घरांना एक गोष्ट चांगली आठवत असते. लोकल गेली की पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रेघा उठत, पण बातम्या वाचणाऱ्या बाईंचा आवाज मात्र बव्हंशी तसाच चालू राही. याला कारण आहे. चित्र ज्या लहरीवर येते तिची उंची कमी-जास्त होत असते, आणि विजेच्या तारेवरची ठिणगी नेमकी त्या उंचीतच गडबड करते. आवाजाच्या लहरीची उंची कायम राहते, बदलते ती तिची कंप्रता. हेच एफएम. ठिणगी तिला सहसा हात लावू शकत नाही. म्हणजे एका चॅनेलमधून घरात दोन वेगळे प्रवासी येत होते, आणि त्यांतला आवाज हा अधिक सोशिक होता. असा सोशिक प्रवासी पूर्णपणे नाहीसा झाला, तर कारण हवेत क्वचितच असते.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचे निदान ठरलेले होते. ‘आयसी उडाली असणार, आता पार्ट मिळत नाहीत, भंगारात द्या.’ एका दुकानदाराने कॅसेट संगणकावर उतरवून देण्याची तयारी दाखवली होती. पण ती चार दिवस दुकानात ठेवावी लागणार होती, आणि अण्णा ती हातावेगळी करायला तयार नव्हते. अखेर देहूरोडचे एक साठीतले मेकॅनिक आले. त्यांनी उमेदवारीच्या दिवसांत असे शेकडो संच उघडलेले होते.

आल्यावर त्यांनी पेटी उघडली नाही. कॅसेटचे यंत्र बंद केले, टीव्ही रिकाम्या चॅनेलवर नेला आणि आवाजाचा नॉब पूर्ण फिरवला. पडद्यावर मुंग्या आल्या, पण खसखस नव्हती. जुन्या संचात हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासार्ह तपास. रिकाम्या चॅनेलवर आवाज वाढवला की धबधब्यासारखी खसखस यायलाच हवी. ती नसेल तर आवाजाच्या वाटेवर आतच कुठेतरी खंड पडला आहे असे समजावे.

मग प्लग काढला गेला आणि मागचे झाकण उघडले. पिक्चर ट्यूबला वीस हजार व्होल्टहून अधिक दाब लागतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ काचेत टिकून राहतो. मेकॅनिकनी त्या बाजूला हात नेला नाही. त्यांनी स्पीकरच्या दोन तारा सोडवून त्यांना पेन्सिल सेल टेकवला. ‘टक्’ असा आवाज झाला. स्पीकर जिवंत होता. दोष निघाला तारांच्या जोडात. मावळातल्या पावसाळ्यांनी त्याच्या पितळी पिना हिरव्या करून टाकल्या होत्या. पिना खरवडून, स्पिरिटने पुसून, जोड पुन्हा बसवला. आवाजाच्या नॉबमध्येही दोन थेंब क्लीनर सोडला. संच चालू केला तर खोलीभर खसखस. घरातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

कॅसेट लावली. चित्र आले. आवाज नाहीच.

इथे बहुतेक माणसे हार मानतात, कारण एका लक्षणाला एकच कारण असावे असे आपण गृहीत धरतो. अण्णांचे म्हणणे वेगळे होते आणि तर्काला धरून होते. ‘अहो, लग्नानंतर भाड्याचा व्हीसीआर आणून हीच कॅसेट याच टीव्हीवर पाहिली होती. तेव्हा सगळं ऐकू येत होतं.’ मग बिघडले काय? कॅसेट? व्हीएचएस फितीत साधा आवाज फितीच्या अगदी काठावरच्या अरुंद पट्टीत असतो. काठ दुमडला की चित्र राहते आणि आवाज जातो. ही भीती खरी ठरली असती तर पुढे करण्यासारखे काही उरले नसते.

मेकॅनिकनी व्हीसीआरच्या मागच्या ‘ऑडिओ आउट’ला एक वायर लावली आणि तिचे दुसरे टोक घरातल्या टू-इन-वनला जोडले. सनई वाजली. फीत शाबूत होती, व्हीसीआर शाबूत होता, टीव्हीही शाबूत होता. तिन्ही ठीक असून तिघांचे जमत नव्हते.

‘हे मशीन कुठलं, अण्णा?’

‘पुतण्याचं. इंग्लंडहून परत येताना घेऊन आला होता.’

सगळे उत्तर या वाक्यात होते. जुन्या संचांना बहुधा चित्र-आवाजाची वेगळी खाच नसे. अनेकांचा सांगाडा थेट घरच्या विजेशी जोडलेला असल्याने तशी खाच देणे धोक्याचेही होते. म्हणून व्हीसीआर स्वतःच एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र होऊन अँटेनाच्या वाटेने टीव्हीत शिरतो. आणि प्रक्षेपण केंद्र म्हटले की देश आला.

१९५० च्या सुमारास युरोपात ६२५ रेषांच्या चित्रावर एकमत होऊ लागले, पण चित्राच्या लहरीपासून आवाजाची लहर किती अंतरावर ठेवायची यावर ते झाले नाही. अमेरिकेत हे अंतर आधीपासून ४.५ मेगाहर्ट्‌झ होते. पश्चिम युरोपातील बऱ्याच देशांनी ५.५ घेतले, सोव्हिएत गटाने ६.५. ब्रिटनने १९६४ मध्ये बीबीसी-२ साठी ६२५ रेषा स्वीकारताना ६ पसंत केले, कारण त्यांना चित्रासाठी थोडी अधिक रुंद जागा हवी होती. भारताने पश्चिम युरोपाची पद्धत घेतली, म्हणजे ५.५. तेव्हा इंग्लंडचा व्हीसीआर आणि बेगडेवाडीचा टीव्ही यांच्यात विजेचा दाब जवळपास सारखा, रेषा सारख्या, रंगांची पाल पद्धत सारखी. फरक फक्त अर्ध्या मेगाहर्ट्‌झचा.

नॉब फिरवून तो का भरून येत नाही? त्या काळच्या टीव्हीत चित्राची लहर आणि आवाजाची लहर एकमेकींत मिसळतात आणि त्यांच्यातील वजाबाकी उरते. आवाजाचा विभाग ती वजाबाकी तेवढी ऐकतो, तीही ५.५ असेल तरच. ट्यूनिंग केले की दोन्ही लहरी एकत्र सरकतात, त्यांच्यातील अंतर मात्र तेवढेच राहते. ही रचना मोठ्या हुशारीची होती, कारण तिच्यामुळे ट्यूनिंग जरा हलले तरी आवाज बिघडत नसे. अण्णांच्या दोन संध्याकाळी वाया गेल्या त्या याच हुशारीमुळे.

परदेशातून सामान आणलेल्या किती घरांनी त्या काळात चांगली यंत्रे बिघडलेली समजून विकली असतील, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

उपाय दहा मिनिटांचा होता. व्हीसीआरच्या आत, मागच्या बाजूला, पत्र्याची एक लहान डबी असते. तिच्यात आवाजाची लहर तयार करणारी कॉइल आणि कॉइलच्या पोटात फेराइटचा बारीक स्क्रू. तो आत सरकला की कंप्रता उतरते. मेकॅनिकनी खिशातून प्लॅस्टिकचा पेचकस काढला; लोखंडी पेचकस नुसता जवळ गेला तरी माप बदलते. पाव फेरा. काही नाही. आणखी पाव. टीव्हीतून गुरगुर आली, मग घोगरी, चिरकी सनई. अजून केसभर फिरवल्यावर मांडव बोलू लागला.

भटजी, पोरांचा दंगा, मागून जाणारी गाडी. आणि मग कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी असलेली एक बाई शूटिंगवाल्याला दटावीत होती, ‘अरे, आधी पंगत वाढू दे, मग काय ते काढ!’

कुणी हसले, कुणी नाही. अण्णांनी फीत मागे घ्यायला सांगितली. मेकॅनिकनी घड्याळ पाहिले, त्यांची लोकल यायची वेळ झाली होती. त्यांनी फीत मागे घेतली आणि पिशवी खाली ठेवून ते पुढच्या गाडीची वाट पाहत तिथेच बसले.