फुगलेली नळकांडी

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो २००३ सालच्या दसऱ्याला. हिनं त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दीड वर्षानं तो बंद पडला. वॉरंटी एक वर्षाची होती, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

एरवी मी हळहळून गप्प बसलो असतो. पण त्यात अप्पांच्या आठवणी होत्या. ऐंशीव्या वर्षी एका बोटानं अक्षर शोधत त्यांनी त्या टाइप केल्या होत्या, आणि २००४ च्या पावसाळ्यात ते गेले होते.

कंपनीला फोन लावला. अर्धा तास संगीत ऐकवल्यावर एक मुलगी इंग्रजीत म्हणाली, "सर, बंद करून पुन्हा चालू करा."

"बाई, बंदच आहे. निम्मं काम झालंय."

"सर, आधी बंद करा."

आमचा भाचा तेव्हा पुण्यातच एका कॉल सेंटरात होता. संध्याकाळी दहीभात खाऊन सुधीर म्हणून घरातून निघायचा आणि रात्रभर अमेरिकेशी स्टीव्ह म्हणून बोलायचा. तो म्हणाला, "मामा, त्या पोरीवर चिडू नकोस. समोर लिहिलेलं असतं तेच बोलायचं. शिवाय फोन किती मिनिटांत संपवला ते मोजतात."

"अरे पण तुम्ही कंपनीचीच माणसं ना?"

"छे! आम्ही कंत्राटदाराची. ज्या कॉम्प्युटरबद्दल मी रोज सांगतो ना, तो मी अजून हातात धरलेला नाही."

शेवटी तपकीर गल्लीत गेलो. तिथल्या पोरानं पेटी उघडली आणि आत बोट दाखवलं. मदरबोर्डावरची कपॅसिटरची इवलीशी नळकांडी पुऱ्यांसारखी टम्म फुगली होती. दोनांतून तपकिरी चीक गळत होता. त्या काळात ही साथच होती म्हणे. काही तैवानी कारखान्यांनी आत भरलेलं रसायन कच्चं निघालं. त्यात वायू धरायचा आणि डोकं फुगायचं. भल्या भल्या नामांकित कंपन्यांच्या बोर्डांवर तोच माल.

"चांगला कपॅसिटर थोडा महाग पडतो, काका. पण लाखो मशिनांचा गुणाकार करा की!"

मी गुणाकार केला नाही. घेताना मीही दुकानदाराशी पाचशे रुपयांसाठी तासभर घासाघीस केली होती आणि वर माउस पुसायचं फडकं फुकट मागितलं होतं. (हल्लीच्या कित्येक लॅपटॉपांत रॅमसुद्धा बोर्डालाच डाखवलेली असते. घासाघीस करायला आत हातच जात नाही.)

पोरानं नळकांडी बदलली, दीडशे रुपये घेतले. डिस्क शाबूत होती. घरी येऊन अप्पांचं शेवटचं पान उघडलं. १९५८ साली हप्त्यानं घेतलेल्या रेडिओबद्दल होतं. त्याचा व्हॉल्व गेला तेव्हा दुकानदार स्वतः सायकलवरून घरी आला, व्हॉल्व बसवला, चहा प्यायला, 'आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला की'

पुढं काही नव्हतं.

दुकानदार काय म्हणाला ते विचारायला आता कुठला नंबर फिरवावा?