पोच

मॉडेमची कर्कश शीळ हळूहळू विरत जायची, दोन अनोळखी यंत्रांची ओळख पटायची, खोलीत फक्त मॉनिटरचा निळसर उजेड उरायचा आणि मग तारेच्या पलीकडून फाइल झिरपू लागायची. २४०० बिट्सच्या मॉडेमवर सेकंदाला फार तर २४० अक्षरं, एका फ्लॉपीत मावेल एवढ्या ऐवजाला जवळजवळ पावणेदोन तास. मॉडेम तोच, तार तीच. तरी फाइल कोणत्या प्रोटोकॉलच्या, म्हणजे पाठवण्याच्या कोणत्या नियमांच्या, हाती सोपवली, यावर रात्रीची लांबी ठरायची.

एक्समोडेम जुनाजाणता, शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सेन यांनी १९७७ मध्ये लिहिलेला. १२८ बाइट्स पाठवायचे आणि थांबायचं. पोच आली की पुढचे, बिघडले असतील तर तेच पुन्हा. माझी आजी ट्रंक कॉलवर मामाशी अशीच बोलायची. दर वाक्यामागे "ऐकू येतंय ना रे?" आणि उत्तर येईपर्यंत रिसीव्हर कानाशी घट्ट. केवढी माया होती त्या विचारण्यात, आणि त्या मायेपायी किती क्षण नुसते वाट पाहण्यात सरायचे! एक्समोडेमचा एक ठोकळा २४०० च्या वेगाने अर्ध्या सेकंदात जायचा, पण पोच उपग्रहावरून फिरून येणार असेल, तर आणखी अर्धा सेकंद तिच्या वाटेकडे डोळे.

निम्मी रात्र प्रतीक्षेची.

केरमिट १९८१ चा, कोलंबिया विद्यापीठात जन्मलेला, मपेट्समधल्या बेडकाचं नाव घेतलेला. तो सावकाश चालायचा, कारण तारेला न सोसणारी चिन्हं तो साध्या अक्षरांच्या वेशात न्यायचा; मात्र इतरांची वाट जिथे अडायची, तिथून तो सुखरूप पार व्हायचा. वायमोडेम-जी अगदी उलट. विचारणं नाही, थांबणं नाही, १०२४ बाइट्सचे ठोकळे एकामागून एक सुसाट. आणि एक जरी डागाळला तरी सगळा प्रवास तिथेच संपला.

मग चक फोर्सबर्ग यांचा १९८६ चा झेडमोडेम. तो पुढे जात राहायचा, पण एक कान मागे ठेवून. तक्रार आली तर नेमक्या त्या जागी परतायचा, एरवी पावलं थांबायची नाहीत. नव्वदच्या दशकात दूरच्या संगणकावरच्या शेल अकाउंटवर 'एसझेड' ही आज्ञा आणि फाइलचं नाव टाइप केलं की काळ्या पडद्यावर दोन तारका, एक बी आणि शून्यांची रांग उमटायची, आणि आकडे अखंड धावू लागायचे. मध्येच आतल्या खोलीत कोणीतरी फोन उचलायचं, पडद्यावर निरर्थक चिन्हांचा सडा पडायचा, तार तुटायची. पुन्हा डायल, पुन्हा ती शीळ. आणि झेडमोडेम आधी आलेलं सारं जपून, जिथे थांबला होता त्याच बाइटपासून पुढे निघायचा. झालेली वाटचाल वाया गेलेली नाही, हा दिलासा किती खोल असतो, ते मला त्या पुढे सरकणाऱ्या आकड्यांनी शिकवलं.

म्हणून वेगाची तुलना करताना सेकंदाची अक्षरं जरूर मोजा, पण तार तुटल्यावर कोण कुठून सुरुवात करतो, तेही मोजा. या दोन्ही कसोट्या मिळून पाहिल्या, तर माझ्या लेखी झेडमोडेमच पहिला.