ठेवायची की काढायची

रात्री दाढ ठणकायला लागली की माणूस म्हणतो, उद्या उपटूनच टाकतो. सकाळी ठणका थांबतो आणि दवाखाना राहून जातो. दोन्ही वेळा निर्णय दुखण्याने घेतलेला असतो. तीव्र ठणका आपोआप थांबला तर बऱ्याचदा दातातली नस मेलेली असते. संसर्ग मुळाच्या टोकाकडे चाललेलाच असतो.

*

एक्स-रे बघताना आपली नजर काळ्या डागावर जाते. दातांचे डॉक्टर पांढरं किती उरलंय ते बघतात. कॅपला पकड मिळायला हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी निरोगी दात लागतो. तेवढा असेल तर आत मोठं भगदाड पडलेलं असूनही दाढ वाचू शकते. तो नसेल तर रूट कॅनाल नीट होऊनही कॅप निघून येते, नाहीतर दात हिरडीपाशी मोडतो. ‘रूट कॅनाल फेल गेलं’ म्हणून सांगितलेल्या कितीतरी कहाण्या मुळात कॅप न बसवल्याच्या असतात. ठणका गेला, पैसे वाचले, मग सहा महिन्यांनी चकली खाताना अर्धी दाढ हातात.

*

मुळाला उभी चीर गेली असेल तर सहसा वाद संपतो, काढायची. ही चीर एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. हिरडीत सगळीकडे उथळ जाणारी बारीक सळई एकाच जागी खोल गेली की डॉक्टरांना तिचा संशय येतो.

*

पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. तिच्यासाठी दुधाचा दात पडत नाही, ती सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते. म्हणून घरचे तिलाही दुधाची समजतात : ‘पडणारच आहे, कशाला खर्च?’ तिच्या जागी दुसरी येत नाही. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवण्याजोगा. आठ-दहा वर्षांच्या मुलाची ही दाढ वाचण्यापलीकडे गेली असेल तर ती वेळेवर काढल्यास मागची दुसरी दाढ पुढे सरकून रिकामी जागा बरीचशी भरून काढू शकते. विशीत काढली तर ही सोय नाही.

*

ब्रिटिश डॉक्टर विल्यम हंटर यांनी 1910 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या भाषणात तोंडातल्या पुवावर शरीरभरच्या रोगांचं खापर फोडलं. पुढची काही दशकं सांधेदुखीसाठीसुद्धा दात उपटले गेले. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात डॉ. हेन्री कॉटन वेड बरं करायला दात काढत होते. आपल्याकडे उलटी भीती : वरचा दात काढला की नजर जाते. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. पण या धास्तीने पुवाने भरलेली दाढ वर्षानुवर्षं तोंडात राहते.

*

पैशांचा हिशेब. काढायला काही शे, रूट कॅनाल आणि कॅपला काही हजार, इम्प्लांटला त्याच्याही कितीतरी वर. जागा रिकामी ठेवायची असेल तरच काढणं स्वस्त. रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा लांबतो. पण अगदी शेवटची दाढ गेली तर दरवेळी भरपाई लागतेच असंही नाही. नेदरलँड्सचे दंतवैद्य कायझर यांनी 1981 मध्येच मांडलं होतं की पुढचे दात आणि उपदाढा शाबूत असतील तर पुष्कळांचं चावणं निभतं.

गावाकडच्या बाईला फीइतकीच खेपांची अडचण असते. रूट कॅनालला दोन-तीन खेपा, दरवेळी एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज. ‘काढूनच टाका हो डॉक्टर’ यात अडाणीपणा शोधू नये. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयांत उपचार स्वस्त आहेत, पण खेपा तिथेही चुकत नाहीत.

*

आपला दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा थर असतो, सुमारे 0.2 मिलिमीटरचा. भाकरीतला खडा कळतो तो मुख्यतः त्याच्यामुळे. इम्प्लांटचं टायटॅनियम थेट हाडाला जुळतं, म्हणून तिथे ही जाणीव बोथट. जी दाढ वाचणारच नाही तिच्या जागी इम्प्लांट उत्तम. वाचणारी दाढ त्याच्यासाठी काढणं वेगळं.

*

तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण. मिश्री, तंबाखू, गुटखा यांमुळे आपल्याकडे असे पुष्कळ. रेडिएशनच्या आधी संशयास्पद दाढा काढून टाकतात आणि जखम भरायला वेळ देतात. रेडिएशननंतर मात्र काढणं शक्यतो टाळतात, कारण जबड्याचं हाड नीट भरून येईलच असं नाही, सडू शकतं. तेव्हा मोडकी दाढसुद्धा रूट कॅनाल करून हिरडीबरोबर घासून तशीच ठेवतात. दाढ तीच, तारीख बदलली की सल्ला उलटतो. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही विशिष्ट औषधं, इंजेक्शनं घेणाऱ्यांनीही दात काढण्याआधी ते सांगायलाच हवं.

*

तिसरं उत्तरही असतं : हात लावू नये. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2000 मध्येच सांगितलं की अडकलेली पण निरोगी अक्कलदाढ सरसकट काढू नये. ऐंशीच्या आजीचा एखादा खुंट दुखत नसेल, पू नसेल, एक्स-रेत काही दिसत नसेल, तर राहू द्यावा. पुढच्या तपासणीची तारीख मात्र निघतानाच लिहून घ्यावी.