भुवया कोरण्याआधी

मिरजेत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही दोघी बहिणी गेली नऊ वर्षे मेंदी आणि फेशियलचे काम करतो. अब्बांच्या इंतकालानंतर घर याच कमाईवर चालले. अलीकडे बायका येऊन एकच विचारू लागल्या, "तुमच्याकडे मायक्रोब्लेडिंग होते का?" एका भुवईजोडीचे हजारो रुपये मिळतात, असे ऐकले. आम्ही भिशी उचलली आणि पुण्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेलो.

पहिल्या दिवशी दोरा धरून भुवईची सुरुवात, उंची आणि शेवट आखायला शिकवले. मग रबरी कातडीवर सराव. पेनासारख्या दांडीच्या टोकाला बारीक सुयांची ओळ असते. तिने त्वचेवर केसासारखी रेघ चिरायची आणि तीत रंग भरायचा. सुई अगदी वरवर फिरली तर रंग टिकत नाही. खोल गेली तर रेघ पसरून करडी दिसते. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा दुरुस्ती करावी लागते आणि साधारण वर्ष-दोन वर्षांत रंग फिका पडतो. म्हणजे नाव 'पर्मनंट', पण कायमचे काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी एका बाईच्या भुवईवर प्रत्यक्ष काम पाहिले. रेघेवर रक्ताचे बारीक थेंब आले आणि आम्ही एकमेकींकडे पाहिले. हे तर गोंदणच! गोंदणाऱ्या, गोंदवून घेणाऱ्या आणि सौंदर्यासाठी भुवया उपटणाऱ्या स्त्रियांबद्दलची हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांची हदीस आम्हाला लहानपणापासून माहीत होती. तिच्यामुळेच आम्ही थ्रेडिंग कधी केले नाही. पण नवे इंग्रजी नाव ऐकून ती आठवलीच नव्हती.

घरी आल्यावर अम्मी म्हणाल्या, "पैसे गेले तर गेले. आधी मुफ्तीसाहेबांना विचारा."

मुफ्तीसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. हजरत अर्फजा (रजि.) यांचे नाक लढाईत कापले गेले. त्यांनी चांदीचे बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे बसवायला सांगितले. हा प्रसंग सांगून ते म्हणाले, "आजाराने किंवा अपघाताने आलेले व्यंग दूर करणे वेगळे आणि नुसत्या शोभेसाठी अंग बदलणे वेगळे. शोभेसाठी सुई लावू नका. व्यंगाच्या बाबतीतही गोंदणाविषयी उलमांमध्ये मतभेद आहेत. पुसता येणाऱ्या पेन्सिलीने काम भागत असेल तर तेवढ्यावर थांबा."

काही दिवसांनी ओळखीतल्या एक खाला आल्या. कर्करोगावरील केमोथेरपीत त्यांच्या भुवया गेल्या होत्या. "लग्नकार्यात लोक टक लावून बघतात गं," म्हणून रडल्या. क्षणभर वाटले, हीच ती गरज. पण केमो चालू असताना त्वचेला चीर देऊ नये, जंतुसंसर्गाचा धोका असतो, हे प्रशिक्षणातच शिकलो होतो. आम्ही त्यांना पेन्सिलीने भुवई रेखायला शिकवले आणि थांबायला सांगितले. उपचार संपल्यावर काही महिन्यांत त्यांचे केस पुन्हा उगवले. सुई लागलीच नाही.

नंतर एक नवरी आली. लग्न दहा दिवसांवर. तिलाही नाही म्हटले. ती दुसरीकडे गेली. तिच्या बहिणींची मेंदीही आमच्या हातून गेली. त्या रात्री हिशेबाची वही उघडून आम्ही बराच वेळ बसलो होतो. भिशीचे पाच हप्ते अजून बाकी आहेत.

सुयांचा तो डबा आता कपाटात आहे. आम्ही मेंदीचे दर थोडे वाढवले आणि पेन्सिलीने भुवई रेखण्याचे काम सुरू केले. ज्या भगिनींना या प्रशिक्षणाच्या जाहिराती खुणावत असतील, त्यांना एवढेच सांगू : फी भरण्याआधी विचारून घ्या, दीनही आणि वैद्यकही. सुई प्रत्येकीसाठी नवी, निर्जंतुक असायला हवी. नाहीतर हिपॅटायटिससारखे आजार पसरू शकतात. जखम भरेपर्यंत भुवईला पाणी लावायचे नसते, मग वुजूचे काय, हेही विचारा. आणि तीन दिवसांत कोणाच्या चेहऱ्यावर चीर देण्याइतका हात तयार होत नाही.

अल्लाह आपल्या लेकींच्या हातांना हुनरही देवो आणि हलाल रोजीही. आमीन.