हॉटस्टारची दहा वर्षे आणि वर्गणीचा हिशेब

वृत्तपत्राची, ग्रंथालयाची आणि दिवाळी अंकाची वर्गणी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या भरली जात असली, तरी मोबाइलवरील मनोरंजनासाठी नियमित पैसे मोजण्याची सवय जेमतेम दहा वर्षांची आहे, आणि ती लागण्यात मुंबईत जन्मलेल्या हॉटस्टारचा वाटा फार मोठा आहे. १९९७ साली टपालाने डीव्हीडी भाड्याने देणारी कंपनी म्हणून स्थापन झालेली नेटफ्लिक्स २००७ साली स्ट्रीमिंगकडे वळली आणि जानेवारी २०१६ मध्ये भारतात आली. स्टार इंडियाने त्याआधीच, फेब्रुवारी २०१५ मध्ये, क्रिकेट विश्वचषकाच्या तोंडावर हॉटस्टार सुरू केले होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची मोबाइल सेवा आली, एक जीबी डेटाचा दर शेकड्यांच्या घरातून दहा-वीस रुपयांच्या आसपास उतरला, आणि तोवर शहरी हौस असलेली ही गोष्ट तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली.

स्ट्रीमिंग म्हणजे संपूर्ण फाइल उतरवून न घेता चित्रफीत येत राहील तशी पाहणे. भाऊच्या धक्क्याहून मोरा बंदराकडे निघालेल्या लाँचमध्ये एखादा प्रवासी सामना पाहत असेल, तर त्याच्या मोबाइलवर सलग चित्रफीत येत नसते. काही सेकंदांचे तुकडे एकामागून एक येत असतात आणि प्रत्येक तुकडा कमी-अधिक स्पष्टतेच्या अनेक प्रतींत सर्व्हरवर तयार असतो. लाँच किनाऱ्यापासून दूर गेली आणि नेटवर्क क्षीण झाले की अ‍ॅप पुढचा तुकडा हलक्या प्रतीतला मागवते, त्यामुळे चेंडू धूसर दिसतो पण सामना थांबत नाही; उरणचा किनारा जवळ आला की चित्र पुन्हा स्वच्छ होते. ओहोटीला मोरा बंदरातील गाळामुळे लाँच खोळंबतात तेव्हा धक्क्यावरची माणसे एकाच वेळी मोबाइल उघडतात आणि सगळ्यांचा भार जवळच्या एक-दोन टॉवरांवर पडतो. हीच अडचण देशाच्या पातळीवर कोट्यवधींच्या पटीत उभी राहते. जुलै २०१९ मध्ये भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्याच्या वेळी हॉटस्टारवर एकाच क्षणी अडीच कोटींहून अधिक प्रेक्षक होते, तर नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात हा आकडा ५.९ कोटींवर गेला. इतक्या जणांना एकाच सर्व्हरवरून चित्र पुरवणे अशक्य असते. म्हणून त्याच चित्राच्या प्रती प्रेक्षकांच्या जवळच्या शहरांतील सर्व्हरांवर सतत पोहोचवाव्या लागतात. या क्षेत्रातले भारतीय अभियंत्यांचे काम जागतिक दर्जाचे आहे आणि त्याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही.

मात्र तंत्रज्ञानाच्या या यशाबरोबर पैशाचे गणित जमले नाही. एप्रिल २०२० मध्ये डिस्ने प्लस हॉटस्टार झालेल्या या सेवेचे वर्गणीदार सप्टेंबर २०२२ अखेर ६.१३ कोटींवर पोहोचले होते. पण त्याच वर्षीच्या जूनमधील लिलावात आयपीएलचे २०२३ ते २०२७ या हंगामांचे डिजिटल हक्क व्हायाकॉम१८ ने २०,५०० कोटी रुपयांना घेतले आणि २०२३ चा हंगाम आपल्या जिओसिनेमा या अ‍ॅपवर चक्क फुकट दाखवला. त्याचा परिणाम असा झाला की सप्टेंबर २०२३ पर्यंत हॉटस्टारचे वर्गणीदार ३.७६ कोटींवर घसरले. वर्गणीदार सेवा सोडून जाण्याच्या या प्रमाणाला व्यवसायात गळती म्हणतात, आणि वाढीच्या कोणत्याही आकड्याइतकेच तिच्याकडे लक्ष द्यायला हवे. २०२३ च्या मध्यास हॉटस्टारचे दर वर्गणीदारामागे मासिक उत्पन्न ०.५९ डॉलर, म्हणजे पन्नास रुपयांहूनही किंचित कमी होते, तर आयपीएलच्या एका सामन्याचे केवळ डिजिटल हक्क सुमारे ५० कोटींना पडत होते. याचा अर्थ एका संध्याकाळच्या सामन्याची किंमत भागवायला एक कोटीहून किंचित अधिक वर्गणीदारांमागचे महिन्याचे उत्पन्न लागते. हॉटस्टारची वाढ मुळात आयपीएलची होती आणि आयपीएल गेले तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार इंडिया आणि व्हायाकॉम१८ यांचे विलीनीकरण पूर्ण झाले आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओहॉटस्टार अवतरले, ज्याची केवळ मोबाइलसाठीची, जाहिराती असलेली वर्गणी तेव्हा तीन महिन्यांना १४९ रुपये होती. काही आठवड्यांतच १० कोटी वर्गणीदारांचा टप्पा गाठल्याचे जाहीर झाले, पण त्यांत मोबाइल रिचार्जबरोबर वर्गणी मिळालेले असंख्य ग्राहक होते, ही गोष्ट तो आकडा वाचताना विसरता येत नाही.

या वाढीत मराठीच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. केवळ मराठीसाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या प्लॅनेट मराठीने ‘जून’सारखा संयत चित्रपट आणि पुढे ‘रानबाजार’सारखी मालिका आणली, परंतु क्रिकेटचे हक्क नसलेल्या एकभाषिक सेवेला प्रत्येक वर्गणीदार केवळ कथेच्या बळावर मिळवावा लागतो आणि टिकवावाही लागतो, आणि ते काम अतिशय कठीण आहे. दुसरीकडे मोठ्या मंचांनी मराठी जवळ केली ती ठळकपणे दिसली समालोचनात. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमावर मराठी समालोचन होते, आणि त्या कक्षात बसलेले केदार जाधव हंगामाच्या मध्यावरच बंगळुरूच्या संघात खेळाडू म्हणून दाखल झाले. समालोचन ही चांगली सुरुवात असली, तरी ज्या भाषेत दरवर्षी इतके चित्रपट आणि नाटके निर्माण होतात तिच्यासाठी एवढे पुरेसे नाही. अधिक हवे असेल तर ते कंपनीला कळायला हवे; पण वर्गणी रिचार्जमध्ये विरघळली की प्रेक्षकाने कशासाठी पैसे दिले हे कंपनीला त्या पैशांवरून कळत नाही. तिला कळते ते इतकेच, की कोणत्या भाषेतला आवाज निवडला गेला, काय सुरू केले गेले आणि ते शेवटपर्यंत पाहिले गेले का. नव्या निर्मितीचे निर्णय घेताना याच नोंदी मोलाच्या ठरतात. म्हणून मराठी वाचकाला आग्रहाची विनंती अशी, की घरातल्या मोबाइलवर आणि टीव्हीवर जिथे मराठीचा पर्याय आहे तिथे तो निवडावा, आणि आवडलेला मराठी चित्रपट अर्ध्यावर न सोडता पूर्ण पाहावा.