गोंगाटाची चाल

चित्रपटाच्या फायनल मिक्सला एक भांडण ठरलेलं असतं. इफेक्ट्सवाल्याला त्याचा करकरणारा दरवाजा ऐकू यायला हवा असतो, संगीतकाराला त्याची व्हायोलिनं. दोघांचे आवाज नेमके एकाच पट्टीत गर्दी करून बसलेले, आणि संवाद दोघांच्याही उरावर. शेवटी कुणाचा तरी फेडर खाली जातो. भयपटात तर हे भांडण जास्तच पेटतं, कारण प्रेक्षकाला घाबरवल्याचं श्रेय दोघांनाही हवं असतं.

'सायलेंट हिल 2' या व्हिडिओ गेमचा साउंडट्रॅक मी पुन्हा पुन्हा काढतो तो त्यामुळेच. कोनामी या जपानी कंपनीचा हा खेळ 2001 साली प्लेस्टेशन 2वर आला. संगीत अकिरा यामाओकाचं, आणि ध्वनीची जबाबदारीही त्याचीच. दोन्ही खाती एकाच माणसाकडे, त्यामुळे भांडायला दुसरं कुणी नव्हतंच. लांबवरची यंत्राची घरघर, धातूवर धातू घासल्याचा किरकिराट, त्याखाली एखादा तुटक ठेका: यातलं संगीत कोणतं आणि इफेक्ट कोणता, हे ठरवायचा मी प्रयत्नच सोडून दिला आहे. 1999च्या पहिल्या भागाच्या वेळी त्याच्या सहकाऱ्यांना हे संगीत ऐकून गेममध्ये काहीतरी बग आहे असंच वाटलं होतं. हा गोंगाट मुद्दाम केलेला आहे हे त्याने समजावून सांगितलं, तेव्हा कुठे विरोध मावळला. ही हकीकत मी बऱ्याच निर्मात्यांना ऐकवली आहे. उपयोग फारसा झालेला नाही.

खेळातली खरी कमाल मात्र अल्बममध्ये नाही. नायक जेम्सला सुरुवातीलाच एक छोटा रेडिओ सापडतो. धुक्यात एखादा राक्षस जवळ आला की तो खरखरायला लागतो. खरखर वाढली म्हणजे संकट जवळ आलं, एवढंच कळतं. ते कुठल्या बाजूने येतंय, हे रेडिओ सांगत नाही. आवाजाचं काम माहिती देण्याचं असतं असं आम्हाला शिकवलेलं. इथे माहिती अर्धीच दिली आहे आणि उरलेल्या अर्ध्यावर खेळणारा स्वतःच घाबरतो. आमच्याकडे याच जागी स्टिंगर लावतात: शांतता, आणि मग कानाखाली जाळ. माणूस दचकतो, हसतो, पॉपकॉर्न उचलतो. रेडिओच्या खरखरीत सुटकेचा तो क्षण येतच नाही.

मग अल्बममध्ये उरतं काय? दुःख. हे मला फार उशिरा उमगलं. सीडीवर 30 रचना आहेत आणि पहिलीच आहे 'थीम ऑफ लॉरा'. गिटार, ड्रम्स, मागे तंतुवाद्यांची चादर. भुताटकीचा एक सूर नाही. रात्रीच्या गाडीत लावली तर शेजारचा प्रवासी बँडचं नाव विचारेल, इतकी सरळ, हळवी चाल. लॉरा ही त्या ओसाड गावात निर्धास्त हिंडणारी लहान मुलगी. अख्ख्या खेळाची ओळख तिच्या नावाच्या चालीने व्हावी, हा निर्णय मला धाडसाचा वाटतो. जेम्स तिथे आलेला असतो मेलेल्या बायकोचं पत्र हातात घेऊन. त्याच्या गोष्टीला आधी कळवळा हवा, भीती मागाहून आपोआप येते. नुसताच किरकिराट असता तर कान दहा मिनिटांत सरावले असते. चाल आपल्याला मऊ करून ठेवते, म्हणून पुढचा ओरखडा लागतो.

क्रमही बघण्यासारखा आहे. 'प्रॉमिस'ची रिप्राइज सहाव्या क्रमांकावर, पियानोवर, अगदी हळू. मूळ 'प्रॉमिस' मात्र सर्वांत शेवटी, तिसावं. पडसाद आधी, हाक नंतर. मध्ये सगळा गोंगाट पसरलेला, आणि त्यात ओळखीची चाल कधी डोकं वर काढेल याची आपण नकळत वाट बघायला लागतो. यामाओका डेव्हिड लिंचच्या संगीतकाराचं, अँजेलो बदालामेंतीचं नाव आपल्या प्रेरणांमध्ये घेतो, आणि 'प्रॉमिस'च्या त्या पियानोत ते ऐकू येतं. ठेका मात्र त्याचा स्वतःचा, जरा मागे रेंगाळणारा.

तक्रार एकच. खेळात रचना लूपमध्ये फिरत राहते; तुम्ही त्या खोलीत थांबाल तितका वेळ ती थांबते, आणि बाहेर पडायचं की नाही हे तुमच्या हातात असतं. अल्बमवर दोन-अडीच मिनिटांत फेड-आऊट. 'ट्रू'सारख्या पियानोच्या रचनेला ते चालून जातं, कारण तिला सुरुवात आणि शेवट दोन्ही आहेत. गोंगाटाच्या रचनांना ते मारक ठरतं. त्यांची सगळी ताकद 'हे संपणार कधी' या प्रश्नात असते, आणि फेड-आऊट त्याचं उत्तर देऊन मोकळा होतो. म्हणून नवीन मुलं स्टुडिओत शिकायला आली की मी त्यांना सीडीने सुरुवात करू देत नाही. आधी कंट्रोलर हातात देतो, दिवे मालवतो आणि खेळायला लावतो.